कानामागची पाहुणी

शिट्टी वाजली नाही. रोह्याच्या शाळेच्या पटांगणात पहिलीची मुलं हात-हात अंतर घेऊन कवायतीला उभी होती. आसावरीने गळ्यातली शिट्टी रोजच्यासारखी ओठांत धरली, फुंकली, आणि वारा उजव्या कोपऱ्यातून फुस्स करून निघून गेला. तिने पुन्हा फुंकली. शिट्टीतली गोळी जागची हलली नाही. मुलं हसली. बाई गंमत करताहेत असं त्यांना वाटलं, म्हणून तीही हसली, आणि ती हसल्याबरोबर पुढच्या रांगेतली एक मुलगी हसायची थांबली. तडा गेलेल्या कपाकडे पाहावं, यात ओतावं की नाही, तसं तिने पाहिलं. आसावरीने हात वर करून मुलांना वर्गात पाठवलं आणि नळावर जाऊन चूळ भरली. पाणी तोंडात राहीना. ते हनुवटीवर आलं, तिथून पदरावर उतरलं. त्याची वाट तिला गालावर नीट कळत होती. स्पर्श होता, गार-गरम होतं, गाल होता. फक्त तो आता तिचं ऐकत नव्हता.

त्याला सहा आठवडे झाले. आता ती शनिवारची दुपारची गाडी पकडून रोह्याहून पेणला निघाली आहे, उजवी बाजू खिडकीकडे करून बसली आहे, कारण काचेला कुणाच्या तोंडाचं काही पडलेलं नसतं. निडी गेलं, नागोठणं गेलं. गाडीचा भोंगा उजव्या कानात सुरीसारखा शिरतो. त्या कानाला हल्ली सगळंच मोठं ऐकू येतं, कुकरची शिट्टी, पातेल्यावर पडलेलं झाकण, सासूबाईंचं जपमाळेवरचं बोट. उजवा डोळा मिटत नाही, म्हणून दर तासाला थेंब घालायचे आणि निजताना कागदी पट्टीने पापणी खाली चिकटवायची. त्या डोळ्यातून सारखं पाणी येतं. पहिल्या आठवड्यात शेजारणी म्हणायच्या, रडू नको गो, होईल बरं. ती रडत नव्हती. तिला रडू यावं असं आत कुठे काही हललंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कापसाची वळी गालावरून फिरवून विचारलं होतं, कळतंय? कळतंय, ती म्हणाली होती. म्हणजे बधिर नाही, त्या म्हणाल्या, फक्त हलत नाहीये. घरी येताना रिक्षात आसावरीला वाटलं होतं, आत मात्र बरोबर उलटं झालंय. आत सगळं हलतंय, रोजची गाडी, रोजचा डबा, रोजचा वर्ग, आणि कळत काहीच नाहीये.

सुरुवात कानापासून झाली होती. एका रविवारी उजव्या कानात ठणका लागला, सोमवारी कानाच्या पाळीमागे आणि आत, तांदळाच्या कणीएवढे फोड उठले. अनसूयाबाईंनी, तिच्या सासूबाईंनी, चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. नागीण आहे, त्या म्हणाल्या. पेणमध्ये, आणि गडबपासून कासूपर्यंतच्या गावांत, नागीण उठली की माणसं अनसूयाबाईंकडे येतात. हा हात त्यांना त्यांच्या सासूकडून मिळाला. पूर्वी माणसं वाड्यात यायची, वाडा विकून दुसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट घेतला तरी जिने चढून येतात. अनसूयाबाई सहाणेवर गेरू उगाळतात, तांदळाच्या धुवणात कालवतात, फोडांच्या भोवती बोटाने रेघ ओढतात, आणि रेघेची दोन टोकं कधी जुळू देत नाहीत, कारण नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस हाती लागत नाही. रेघ ओढताना ओठांतल्या ओठांत म्हणतात:

नागिणी गो बाई, वाट तुझी परती
वारुळात निजायला, वाट बघे धरती

पुढच्या ओळी कुणाला ऐकू येत नाहीत. त्या फक्त सुनेला सांगायच्या असतात. असे तीन वार करायचे, एक दिवसाआड. आणि तिन्ही वार होईपर्यंत पाणी लावायचं नाही, दुसरं औषध लागू द्यायचं नाही. दुसरा हात लागला की पहिला हात उठतो. अनसूयाबाई कुणाकडून काही घेत नाहीत, आलेल्याला परत पाठवत नाहीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईजवळ सोनं, जमीन, डोळ्यांतली नजर असं सगळं उणावत गेलं होतं, आणि हे एक राहिलं होतं.

आसावरी डी.एड. झालेली, भिंतीवर लसीकरणाचे तक्ते लावणारी. तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सोमवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, मान डावीकडे झुकवली, आणि त्या गार, मातीच्या वासाच्या बोटाखाली कानाचा ठणका थोडा निवल्यासारखा झाला. इतकं सोपं होतं ते. बावीस वर्षांत त्या बोटाने तिला कधी टोचलं नव्हतं. बुधवारी शिट्टी वाजली नाही. दुपारी घरी आली तेव्हा तोंडाची उजवी बाजू उतरणीला लागली होती, भुवई, पापणी, ओठाचा कोपरा, सुटलेल्या दोरीवरच्या कपड्यांसारखं एकामागून एक. अनसूयाबाई घाबरल्या, पण त्यांना घाबरण्याचीही एक रीत होती. म्हणाल्या, "फणा काढलाय तिने. आता मध्ये सोडलं तर डोक्यात जाईल गो. एक वार झाला, आज दुसरा. शुक्रवार होऊ दे." तिच्या नवऱ्याची, यज्ञेशची, त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती. कंपनीतून फोनवर म्हणाला, आईचं ऐक, पण डॉक्टरलाही दाखवून ये. तेव्हा आसावरीला या दोन गोष्टी एका दिवसात बसत नाहीत हे सांगावंसं वाटलं, पण ओठ नीट चालत नव्हते आणि त्याच्या मागे मशीनचा आवाज होता. तिने हूं म्हटलं. हूं म्हणायला तोंड उघडावं लागत नाही.

शनिवारी, रेघ पुसल्यावर, ती डॉक्टरांकडे गेली. गोऱ्या, थकलेल्या डॉक्टरीणबाई, टेबलावर काचेखाली कुणाच्यातरी मुंजीचा फोटो. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, त्यांनी विचारलं. आल्या होत्या. मग त्यांनी कागदावर कानाचं चित्र काढलं. कांजिण्या बऱ्या होतात, त्या म्हणाल्या, पण त्यांचा विषाणू जात नाही. तो नसेच्या गाठीत झोपून राहतो, चाळीस वर्षंसुद्धा. आपलं शरीर राखण करत असतं म्हणून तो निजलेला असतो. वय होतं, दगदग होते, राखण जरा सैल पडते, तो उठतो. कधी पाठीवर, कधी कंबरेवर, तुमच्या बाबतीत कानात. तोंड हलवणारी नस कानाच्या हाडातल्या बारीक नळीतून जाते. विषाणू उठला की शरीर जागं होतं, सगळे राखणदार तिथे धावतात, आणि नस सुजते. ती सूज अर्धी तुमच्या शरीरानेच आणलेली असते, वाचवायला. आता नळी पडली हाडाची. ती कुठे पसरणार? नस आतल्या आत आवळली जाते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पहिल्या तीन दिवसांत आलात तर औषधाचा खूप उपयोग होतो. तुम्ही पाचव्या-सहाव्या दिवशी आलात. गोळ्या देते. येईलही परत. पूर्ण येईल का, सांगता येत नाही." मग सहज विचारावं तसं विचारलं, "का थांबलात?" आसावरी म्हणाली, शाळा होती.

ती चित्राची चिठ्ठी अजून पर्समध्ये आहे. गाडी कासूला थांबते, कुणी चढत नाही, आणि आसावरीला रोह्यातलं माहेरचं घर आठवतं, सात वर्षांची ती, अंथरुणावर कडुलिंबाचा पाला. तिची माई कांजिण्यांना आजार म्हणू द्यायची नाही. बाया आल्यात, म्हणायची. घरात फोडणी नाही, मोठ्याने बोलणं नाही, दारात आलेल्याने पाय धुवायचे. ओल्या पाल्याचा झुबका अंगावरून फिरवताना माई गुणगुणायची:

पाहुणी बया आली, उंबऱ्यात ठेवा पाणी
लेकीच्या अंगावर, मोतियांची केली पेरणी

अकराव्या दिवशी लिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं, दहीभाताचा नैवेद्य कडुलिंबाखाली ठेवला, आणि माई म्हणाली, गेल्या हो बाया. त्या गेल्या नव्हत्या. एक जण मागे राहिली होती, कानामागे, हाडाच्या ओसरीत पाय पोटाशी घेऊन. ती लग्नात होती. बाळंतपणात होती. माई गेली तेव्हा अंगणात आसावरी उभी होती आणि हिलाही आतून सगळं ऐकू येत असणार. कुणी तिला उठवलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. इतकी वर्षं घरात असलेलं माणूस एक दिवस नुसतं कुशीवर वळतं, आणि घरच त्याच्या अंगावर धावून जातं. आसावरीला तिचा राग येत नाही. तिला कुणाचाच येत नाही. चष्मा शोधावा तसा ती राग शोधते, उशीखाली, ओट्यावर, देवघराच्या कोनाड्यात, आणि मग काय शोधत होते तेच विसरते.

त्या शनिवारी ती डॉक्टरांकडून घरी आली तेव्हा अनसूयाबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाल्या गो? गेरूने तर नाही ना झालं?" आणि आसावरी म्हणाली, "नाही आई. गेरूचा काही संबंध नाही, म्हणाल्या." आई हा शब्द सगळा सरळ आला, त्याला ओठ लागत नाहीत. बाकीचं वाक्य अर्ध्या तोंडाने आलं. गेरूने झालं नव्हतं हे खरंच होतं. थांबण्याने काय झालं हे तिने सांगितलं नाही. अनसूयाबाईंनी देवाला हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी गुडघे दुखत असताना दोन जिने उतरून रसवंतीवाल्याकडून कागदी नळ्यांचा पुडा मागून आणला, चहा सांडू नये म्हणून. रोज सकाळी विचारतात, आज हललं का गो थोडं? रोज ती म्हणते, थोडं. हललेलं नसतं. शाळेने तिची पहिली काढून घेतली आहे. मुलं ओठ बघून शिकतात, मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही बऱ्या झालात की बघू, तोवर वाचनालयाचं कपाट लावा. प, फ, ब, भ. तिच्या तोंडातून आता सगळ्यांचा वाराच निघतो. एकोणीस वर्षं तिने मुलांना ओठ मिटायला शिकवलं. हे जर परत आलं नाही तर ती काय आहे, हे कपाटाला माहीत नाही. अनसूयाबाईंना सांगून ते परत येणार नाही, हे तिला माहीत आहे. म्हणून ती सांगत नाही. आणि न सांगितलेलं ते वाक्य नळीतल्या नसेसारखं दिवसेंदिवस सुजत राहतं. घरात पसरायला त्याला जागा नाही. त्या दोघी हल्ली एकमेकींशी फार गोड बोलतात.

ती पेणला पोचली तेव्हा घराच्या दाराशी पुरुषाच्या चपला होत्या, चिखल वाळलेल्या. हॉलमध्ये खुर्चीच्या कडेवर गडबचा पोपट बसला होता, पन्नाशीचा, भाताची आणि वालाची शेती करणारा, मागे त्याच्या बायकोची, शकूची, पाठीवरची नागीण अनसूयाबाईंनी उतरवली होती. पायाशी वालाच्या शेंगांची पिशवी. त्याच्या कपाळावर उजवीकडे, भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत, लाल पट्टा आणि त्यावर ते मोती. डोळा सुजून अर्धा झाला होता. अनसूयाबाई जमिनीवर बसून गेरू उगाळत होत्या. सहाणेचा तो आवाज आसावरीच्या उजव्या कानात दगडावर दगड घासावा तसा वाजला.

"बाई, या या," पोपट म्हणाला. "घर तुमचाच हाय, आन मीच या म्हनतोय." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि नजर पिशवीकडे नेली. "शेंगा आनल्यात. आमच्या शकूनं सांगितलंय, बाईंना उकडून द्या, चावायला मऊ."

"कधीपासून आहे?" आसावरीने विचारलं.

"काल दिवाबत्तीच्या टायमाला ठणकाय लागला. सकाळी फोड. पोरगा, रितेश, म्हनला डागदरकडं जाऊ. म्हनलो, आधी आजीकडं. तीन वार झालं का मंग डागदर हायच. तो काय पलून जातोय?"

"फोफट," आसावरी म्हणाली, आणि थांबली.

"व्हय, फोफटच मी," तो हसला. "शालंत पोरांना शिकवता त्यो पोपट येगला."

अनसूयाबाईही हसल्या. आसावरीच्या तोंडाची डावी बाजू हसली. ती उभीच होती, पर्स खांद्याला. आत कुठेतरी तास मोजले जात होते, आपोआप, पट्टीवरच्या रेघांसारखे. काल संध्याकाळचे सात. आज दुपारचे साडेतीन. शनिवार, सोमवार, बुधवार. अनसूयाबाईंनी धुवणाचे थेंब टाकले, बोट कालवलं, आणि त्यांचे ओठ हलू लागले. त्यांचं बोट लाल होतं आणि थरथरत नव्हतं. ते एकच होतं त्यांच्यात जे थरथरत नव्हतं.

"आई, नका लावू."

बोट हवेत राहिलं.

"ह्यांना आत्ता डॉक्टरकडे न्यायला हवं. डोळा जाईल."

"नेतील की. वार होऊ देत," अनसूयाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रीत होती. "बसलेल्या माणसाला उठवायचं नसतं गो. आणि तुला डॉक्टरच म्हणाल्या ना, संबंध नाही म्हणून."

फ्रिज सुरू झाला. पोपट एकीकडून दुसरीकडे पाहत होता. आसावरीला वाटलं, आता येईल. इतके दिवस शोधत होते तो राग, किंवा दया, काहीतरी. काही आलं नाही. आत संध्याकाळच्या शाळेसारखं रिकामं होतं, आणि त्या रिकामपणातून वाक्य सरळ बाहेर आलं, तुटक, वारा सुटलेलं.

"खोटं बोलले मी. तीन दिवसांत यायला हवं होतं, म्हणाल्या. आपण थांबलो."

आपण, ती म्हणाली. तुम्ही म्हणाली नाही. तेवढंच तिच्या हातात होतं.

अनसूयाबाईंनी बोटाकडे पाहिलं. मग त्यांनी ते बोट वाटीत बुडवलं, पुसलं नाही, धुतलं, बोटांची पेरं एक एक करून, अंत्यविधीहून आल्यावर धुतात तसं. भिंतीला धरून उठल्या.

"पोपट, ऊठ. चपला घाल."

"पन आजी, रेघ?"

"रेघ नाही. ऊठ म्हणते ना."

"दुसरा हात लागला तर तुमचा उठंल, तुम्हीच सांगता..."

"उठला," अनसूयाबाई म्हणाल्या. "मीही येते. थांब, चष्मा घेते."

रिक्षात तिघं बसले, पोपट कडेला, अनसूयाबाई मध्ये. पोपट मधूनच डोळ्यावरून हात फिरवायचा आणि अनसूयाबाई त्याचं मनगट धरून खाली आणायच्या. दवाखान्यात सहा-सात माणसं होती. अनसूयाबाई नंबर न लावता आत शिरल्या, पोपटला पुढे ढकललं, आणि डॉक्टरीणबाई त्याचा डोळा उघडून बघत असतानाच बोलायला लागल्या, काल सात वाजल्यापासून आहे, औषध काही लागलेलं नाही, मी लावू दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी भराभर लिहिलं, पहिली गोळी तिथेच पाण्याबरोबर घ्यायला लावली, अलिबागच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. वेळेत आणलंत, म्हणाल्या. पोपट गोळी गिळून बाहेर बाकावर जाऊन बसला.

"आणि ही माझी सून," अनसूयाबाई म्हणाल्या. दार उघडंच होतं, बाहेरची माणसं ऐकत होती. "हिने तुम्हाला शाळा होती म्हणून सांगितलं असेल, सगळ्यांना तेच सांगते. शाळा नव्हती. मी अडवलं होतं हिला. तुमच्या कागदावर तसं लिहा."

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. हे वाक्य ऐकायची आपण सहा आठवडे वाट पाहत होतो, हे आसावरीला ते ऐकल्यावर कळलं. ते आलं आणि समोर उभं राहिलं, आणि त्याला कुठे बसवावं ते तिला सुचेना. अनसूयाबाई एवढ्याशा दिसत होत्या, त्यांच्या नखांच्या कडेला अजून तांबूस रेघ होती.

"या, आलाच आहात तर बघून घेऊ," डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली. आसावरी बसली. अनसूयाबाई त्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, चष्मा लावून.

"भुवया वर करा."

आसावरीने केल्या. एक गेली, एक राहिली. डॉक्टरीणबाईंच्या खांद्यावरून तिला दिसलं, अनसूयाबाईंच्या दोन्ही भुवया वर गेल्या होत्या, कपाळावर सुरकुत्यांच्या पायऱ्या चढल्या होत्या.

"डोळे घट्ट मिटा."

तिचा डावा मिटला. उजव्यातून, न मिटलेल्यातून, तिला दिसत राहिलं. अनसूयाबाईंनी दोन्ही डोळे गच्च आवळले होते, सगळा चेहरा नाकाशी गोळा झाला होता. आपण काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं.

"आता गाल फुगवा. हवा धरून ठेवा."

हवा राहिली नाही. पण समोर, भिंतीपाशी, दात नसलेल्या तोंडाचे दोन्ही गाल टम्म फुगले होते, लाल होत चालले होते, आणि ती म्हातारी श्वास सोडत नव्हती, सुनेची हवा जणू तिच्याच तोंडात ठेवायला दिलेली. आसावरी पाहत राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोडा आता. अनसूयाबाईंनी सोडली नाही.

"आई," आसावरी म्हणाली, "सोडा."